गिझरमधील दाब आणि ठिबकणारी झडप

मराठवाड्यात अंघोळीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या बंबात तापत आले. बंबाचे झाकण सैल असते. पाणी उकळले तरी वाफेला वाट मिळते. नांदेड-लातूरकडील घरांत व वसतिगृहांत आता विजेचे गिझर आले आहेत. गिझर हे बंद भांडे होय, हा फरक मात्र अद्याप पुरेसा ध्यानी घेतला जात नाही.

पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच असला म्हणजे तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब पडतो. एकमजली घराच्या गच्चीवरील टाकीचा दाब याच्या निम्म्याच्या आसपास असतो व तो निरुपद्रवी होय. नळाला जोर यावा म्हणून पंप थेट जोडला की हिशेब बदलतो. यंत्राच्या पट्टीवर कमाल दाब लिहिलेला असतो. तो पाहूनच पंप निवडावा, अथवा दाब कमी करणारी झडप बसवावी.

दुसरा दाब उष्णतेचा. पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यास सुमारे ४०० मिलिलिटरने फुगते. तेवढे पाणी सुरक्षा-झडपेतून ठिबकते. हे ठिबकणे म्हणजे बिघाड नव्हे. परंतु फरशी ओली होते म्हणून झडपेला बूच मारणारे महाभाग आढळतात! उष्णता-नियंत्रकही बिघडला, तर कोंडलेले पाणी शंभर अंशांपुढे जाते. भांडे फुटताच त्याचा काही भाग क्षणात वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा मागते. स्नानगृहाची भिंत त्यापुढे टिकत नाही.

मांजरा प्रकल्प आटल्याने एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे विंधनविहिरींवरील भिस्त नवी नाही. काळ्या पाषाणातील हे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार झडपेतच बसतात आणि बूच न मारताही ती बंद पडते. म्हणून झडपेची दांडी अधूनमधून उचलून पाणी सुटते की नाही ते पाहावे व भांडे जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावे. झडप व गिझर यांच्यामध्ये तोटी कदापि बसवू नये.

नळातून वाफ येऊ लागल्यास मुख्य बटणावरून वीज तोडावी, स्नानगृहातून सर्वांना बाहेर काढावे आणि गिझर आपोआप निवू द्यावा. त्यापूर्वी झडपेला हात लावू नये.