उशिरा शिकणारे मूल आणि शौचाची सवय

काही दुःखे शेजारघरीही बोलली जात नाहीत. आठ-नऊ वर्षांचे मूल अजून लघवी-शौचास सांगत नाही, हे त्यांपैकी एक होय. ताप आला असता तर चार माणसे विचारपूस करावयास आली असती. पण ह्या गोष्टीची आईला लाज वाटते, बापास राग येतो, आणि हळूहळू त्या मुलास लग्नाला, फेस्ताला नेणे बंद होते. शाळेचे दारही पुष्कळदा ह्याच कारणाने त्याच्यापुढे अर्धे मिटते. म्हणून ह्या विषयावर आमच्या वाचक कुटुंबांशी मोकळेपणाने बोलावे, असे आम्हांस वाटले.

हा मुलाचा हट्ट नव्हे आणि आईच्या वळणातील उणीवही नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मूत्राशय भरले की शरीर मेंदूस सूचना देते. ती ओळखावयाची, काही वेळ धरून ठेवावयाचे, योग्य जागी जावयाचे, कपडे सोडावयाचे आणि शेवटी धुऊन बाहेर यावयाचे, अशी ही लांब साखळी आहे. डाउन सिंड्रोम किंवा अन्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलास तिची एकेक कडी शिकण्यास वेळ लागतो. स्वमग्न मुलाचे त्या सूचनेकडे लक्षच जात नसेल, अथवा अंधाऱ्या संडासाची, थंड फरशीची वा पाण्याच्या आवाजाची त्यास भीती वाटत असेल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलास उकिडवे बसता येत नाही. तोल जाण्याच्या भयाने त्याचे स्नायू आखडतात.

एके काळी अशा माणसांस ही सवय लागणारच नाही, असे मोठमोठ्या संस्थांतही गृहीत धरीत. अमेरिकेत नेथन एझ्रिन व रिचर्ड फॉक्स ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. अतितीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या ९ प्रौढ माणसांना त्यांनी भरपूर पेय देऊन, वरचेवर संडासात बसवून आणि कोरडे राहिल्याबद्दल लगेच बक्षीस देऊन शिकविले. कपडे ओले होण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी उतरले. त्या पद्धतीतील दटावणी व शिक्षा आजचे जाणकार टाळतात. पण उशीर म्हणजे अशक्य नव्हे, हे त्या कामाने दाखवून दिले.

आरंभ डॉक्टरांपासून करावा. मलावरोध जुना असला की कडक मळाने आतडे ताणले जाते, जाणीव बोथट होते, आणि पातळ मळ बाजूने झिरपून चड्डी खराब होते. घरच्यांस ती हगवण वाटते. वास्तविक पोट साफ नसते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्गही तपासून घ्यावा. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असेल तर मज्जातंतूंपासूनच अडचण असते. तेथे डॉक्टरांनी आखून दिलेला क्रमच पाळावा. कपडे ओले होतील म्हणून पाणी तोडणे मात्र सर्वथा चूक. त्याने मलावरोध वाढतो.

मग आठवडाभर केवळ पाहावे. वहीच्या पानावर दिवसाचे तास लिहून दर तासास मूल कोरडे की ओले, शौच केव्हा झाले, ह्याची खूण करावी. बहुधा त्यातून काही क्रम दिसू लागतो. जेवणानंतर आतड्यांची हालचाल स्वाभाविकपणे वाढते. म्हणून न्याहारी व जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी मुलास बसवावे. पाच-सात मिनिटे पुरेत. त्याहून अधिक बसविणे ही शिक्षा होते. पाय टेकलेले असावेत. उकिडवे बसता येत नसेल तर मध्ये भोक पाडलेली भक्कम खुर्ची आणि भिंतीस धरावयास दांडा, एवढे गावचा सुतारही करून देईल. नाडीची चड्डी नको, इलॅस्टिकची घालावी. बोलता न येणाऱ्या मुलास एकच हातखूण किंवा एकच चित्र शिकवावे, आणि तेच घरातील सर्वांनी वापरावे. आईने एक शब्द, आजीने दुसरा, असे झाले तर मूल गोंधळते.

काम साधले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. संध्याकाळी बापास सांगून दिलेली शाबासकी त्यास कळत नाही. कपडे खराब झाले तर न रागावता, फार न बोलता संडासाजवळ नेऊन स्वच्छ करावे. कपडे चढविणे शिकविताना शेवटची पायरी आधी द्यावी. आईने चड्डी कमरेपर्यंत आणावी, अखेरची ओढ मुलाने घ्यावी. ते जमले की गुडघ्यांपासून. धुण्याचे व साबणाने हात धुण्याचेही असेच तुकडे पाडावेत. रात्रीचा कोरडेपणा सर्वांत शेवटी येतो. त्याची घाई करू नये.

जे घरी, तेच शाळेत चालले पाहिजे. ठरलेली वेळ व हातखूण शिक्षकांस लिहून द्यावी. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि सरकारी अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांनी त्यास भेदभाव न करता प्रवेश द्यावा असे सांगितले आहे. तेव्हा 'आधी सवय लावा, मग या' हे उत्तर पालकांनी निमूटपणे स्वीकारू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांसाठी केंद्रे स्थापण्यात आली आहेत. तेथेही सल्ला मिळतो.

आणखी एक गोष्ट, जी घरोघर टाळली जाते. जे मूल स्वतः धुऊ शकत नाही, त्याच्या अंगास अनेकांचे हात लागतात, आणि वाईट हात कोणता हे त्यास सांगता येत नाही. म्हणून मदत करणारी माणसे एक-दोनच ठरलेली असावीत, दार लोटलेले असावे, अवयवांची नावे मुलास ठाऊक असावीत, आणि नकोशा स्पर्शास 'नको' म्हणणे त्यास शिकवावे. स्वतःची चड्डी स्वतः ओढता येणे हे म्हणूनच लहानसे काम नव्हे. त्यात त्याची अब्रू आहे आणि त्याची राखणही आहे.

कित्येक मुलांस ह्या कामी महिने लागतात, काहींस वर्षे. काहींना थोडी मदत सदैव लागेल. पण आठवड्यातून दोनदा कोरडे राहणारे मूल चारदा कोरडे राहू लागले, तर तीही पुढची पायरीच आहे. हा भार एकट्या आईवर टाकू नये. वहीतील खुणा बापाने कराव्यात, वेळेची आठवण थोरल्या भावंडाने द्यावी. आणि शेजाऱ्यांनी नाक मुरडण्याऐवजी पुढच्या फेस्ताला त्या मुलाचेही नाव घेऊन आमंत्रण द्यावे.