धूर धुणारा समुद्र

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रात गंधकाचा धूर समुद्राच्या पाण्याने धुतला जातो. राखेचा बंदोबस्त आधीच होतो. धूर विद्युतभारित पट्ट्यांमधून नेतात, राखेचे कण पट्ट्यांना चिकटतात आणि ठरावीक वेळाने हातोडे आपटून ती राख खाली पाडतात. पण सल्फर डायऑक्साइड पडला वायू. तो या पट्ट्यांना दाद देत नाही. चिमणी 275 मीटर उंच बांधली तरी वायू कमी होत नाही, फक्त लांब जाऊन पडतो.

इथे शेजारची समुद्राची खाडी कामी येते. यंत्रं थंड करायला तिचं पाणी आत येतंच. त्यातलं थोडं पाणी एका टॉवरच्या माथ्यावरून फवारतात आणि खालून धूर वर सोडतात. समुद्राच्या पाण्यात मुळातच बायकार्बोनेट असतं, त्यामुळे आम्लधर्मी वायू त्यात मुरतो. ते आंबट पाणी मग हौदात येतं. त्यात थंडाव्याचं उरलेलं पाणी मिसळतात, तळातून हवेचे बुडबुडे सोडतात आणि सल्फाइटचं सल्फेट झालं की पाणी परत खाडीत. सल्फेट समुद्रात पूर्वीपासूनच मुबलक आहे. चुनखडी आणायला नको, जिप्समचे ढीग नकोत. मात्र पंप-पंख्यांना वीज लागते आणि कार्बन डायऑक्साइड या धुण्याने तसूभरही घटत नाही.

ही युक्ती नवी नव्हतीच. टाटांच्या ट्रॉम्बे केंद्रात ती 1988पासून होती. तरी डहाणूत ती यायला 2007 उजाडलं. चिकूच्या बागांचा हा तालुका. प्रकल्पाविरुद्धचं प्रकरण 1991मध्येच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. पुढे 1996मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. त्याने 1999मध्ये यंत्रणा बसवायचा आदेश दिला, तरी पुढची आठ वर्षं गेलीच. दरम्यान केंद्राची मालक कंपनी बीएसईएसची रिलायन्स झाली, पुढे 2018मध्ये केंद्र अदानींकडे गेलं. मालकांच्या सद्भावनेवर सोडलं असतं तर हा टॉवर उभा राहिला असता, असं मला वाटत नाही.

देशभरच्या कोळसा केंद्रांना गंधकाची मर्यादा 2015मध्ये घालून दिली गेली. मुदती वाढत राहिल्या. जुलै 2025मध्ये केंद्र सरकारने सुमारे 78 टक्के संचांना त्यातून सूट दिली. भारतीय कोळशात गंधक कमी, हे एक कारण. ते खोटंही नाही. सूट मिळालेल्यांना अट घातली आहे ती चिमणीच्या उंचीची.