विश्लेषण : तुळशीचा वास पानात नेमका कुठे दडतो? मलेरियाच्या औषधाशी त्याचे नाते काय?

भद्रावतीतील एखाद्या अंगणातल्या तुळशीजवळून नुसते गेले तर वास बेताचाच येतो. पान चुरगाळले की मात्र क्षणात दरवळ सुटतो. हा सुवास पानावरील अगदी बारीक पिशव्यांत बंद असतो. अशाच पिशव्यांत एका वनस्पतीने मलेरियावरचे औषधही साठवले आहे. मलेरियाशी झुंजणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यासाठी ते मोलाचे आहे. पण या पिशव्या बनतात कशा?

पिशवी म्हणजे नेमके काय?

तुळशीच्या पानावर बारीक लव असते. त्यातील काही केसांच्या टोकाला रस बनवणाऱ्या पेशी असतात. यांना ग्रंथीयुक्त केस म्हणतात. या पेशींवर एक पातळ, मेणचट आवरण असते, त्याचे नाव क्युटिकल. सर्व पानांवर हे आवरण असतेच. ते पाणी उडून जाऊ देत नाही. ग्रंथीवर मात्र तेच साठवणीच्या पिशवीचे काम करते.

आवरण तयार कसे होते?

कच्चा माल म्हणजे स्निग्ध आम्ले. सोळा किंवा अठरा कार्बन अणूंच्या या साखळ्या पेशीच्या आत तयार होतात आणि तिथेच त्यांच्यात थोडे बदल होतात. मग पेशीच्या पडद्यातील वाहक प्रथिने त्यांना बाहेर सोडतात. पेशीभित्तीच्या बाहेरच्या बाजूला विकरे हे तुकडे एकमेकांना जोडतात. त्यातून ‘क्युटिन’ नावाचे जाळे विणले जाते. जाळ्याच्या फटींत आणि वर मेण भरते, म्हणजे आवरण पूर्ण झाले. थोडक्यात, माल घरात बनतो, पण भिंतीचा गिलावा बाहेरून चढतो.

ती फुगते कशी?

सुरुवातीला आवरण पेशींना घट्ट चिकटलेले असते. ग्रंथी तेल स्रवू लागली की आवरण पेशींपासून सुटते. मधल्या पोकळीत तेल साचते आणि पिशवी फुगते. चुरगाळल्यावर ती फुटते व वास बाहेर पडतो.

सगळ्याच ग्रंथी असा साठा करत नाहीत. हरभऱ्याच्या पानावरील ग्रंथी मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल बाहेर सोडतात. पहाटे शेतात कापड पसरून शेतकरी जी आंब गोळा करतात, ती हीच.

आवरण नसते तर?

तेल उडून गेले असते. दुसरा धोका खुद्द झाडाला. किडीला पळवणारी अनेक रसायने झाडाच्या स्वतःच्या पेशींनाही घातक असतात. ती पेशींबाहेर, आवरणाखाली ठेवली की झाड सुरक्षित राहते.

गडचिरोलीशी संबंध काय?

आर्टेमिसिया अॅन्युआ ही आपल्या दवण्याच्या प्रजातीतील वनस्पती. तिच्या पानावरील दहा पेशींच्या ग्रंथींत आर्टेमिसिनिन बनते आणि आवरणाखालच्या पोकळीत साठते. 1971 मध्ये चीनच्या तू यूयू यांनी कमी तापमानाला ईथर वापरून या झाडाचा गुणकारी अर्क मिळवला. त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन वेगळे झाले. 2015 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज फॅल्सिपेरम प्रकारच्या मलेरियावर देशभर आर्टेमिसिनिन-आधारित मिश्र उपचार (एसीटी) दिला जातो. एटापल्ली, भामरागडसारख्या तालुक्यांत त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

झाडात हे औषध अत्यल्प असते, म्हणून संशोधकांचे लक्ष ग्रंथींकडे आहे. 2018 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवले, की या झाडातील ‘मिक्स्टा’ गटातील एक जनुक ग्रंथींची संख्या आणि आवरणाची जडणघडण या दोन्हींवर नियंत्रण ठेवते. ते अधिक सक्रिय केल्यावर ग्रंथी वाढल्या आणि आर्टेमिसिनिनही वाढले.

मग पाल्याचा काढा चालेल का?

नाही. आर्टेमिसिनिन पाण्यात फारसे विरघळत नाही. शिवाय प्रत्येक पानातील प्रमाण वेगळे. अपुरी मात्रा गेली तर परजीवी मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे परजीवी पुढे टिकण्याचा धोका असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मलेरियासाठी या वनस्पतीचा पाला कोणत्याही स्वरूपात वापरण्यास पाठिंबा नसल्याचे स्पष्ट केले. तुळशीत तर हे औषध नाहीच.

थंडी वाजून ताप आला तर आशा सेविका किंवा आरोग्य उपकेंद्रात रक्ताची तपासणी करून घ्यावी. मलेरिया निघाला तर दिलेल्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करावा, ताप मध्येच उतरला तरीही.