भाकरी पुन्हा थापता यावी म्हणून

आज ज्या उपचाराबद्दल बोलायचं आहे, त्याचं नाव आपल्या अमळनेर परिसरात फारसं कानावर पडत नाही. व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी. यातल्या ‘व्यवसाय’ शब्दाचा अर्थ नुसता धंदा किंवा नोकरी असा घेऊ नका. सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत माणूस जे जे करतो, ते सगळं त्यात येतं. अंघोळ, वेणीफणी, साडी नेसणं, दादरची भाकरी थापणं, कापूस वेचणं, लेकरांचं खेळणं आणि लिहिणंसुद्धा. आजारामुळे यातलं जे अडतं, ते पुन्हा जमावं म्हणून मदत करणारे ते व्यवसायोपचारतज्ज्ञ.

आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात एका बाईनंच केली. कमला निंबकर मूळच्या अमेरिकेच्या, लग्नानंतर भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५० साली त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, गल्लीतल्या एखाद्या मावशींना लकवा मारला. डॉक्टरांनी जीव वाचवला, गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्या तेव्हा उजवा हात लुळा. सून घास भरवते, लेक साडी नेसवते. हे सगळं मायेपोटीच होतं. पण हाताला काम मिळालं नाही तर तो आखडत जातो आणि खापरावर मांडे टाकून पंगत जेवू घालणारी बाई कोपऱ्यात बसून राहते.

व्यवसायोपचारतज्ज्ञ आधी विचारतात, “मावशी, तुम्हाला कोणतं काम परत करायचंय?” मग त्याच कामातून व्यायाम शिकवतात. परातीखाली ओलं फडकं ठेवलं की ती सरकत नाही. लुळ्या हातावर चांगला हात ठेवून पीठ दाबायचं. चमच्याच्या दांडीला कापड गुंडाळून ती जाड करायची, म्हणजे धरता येते. ब्लाउज घालताना आधी लुळा हात घालायचा, काढताना आधी चांगला हात काढायचा. आणि घरच्यांनी लक्षात ठेवावं, की उठवताना लुळा हात धरून ओढायचा नाही. खांद्याला इजा होते.

अडचण अशी, की हे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत. लकव्याच्या माणसाला दर आठवड्याला तिकडे नेणार कोण? गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला एक माणूस. दोन खेपांनंतर जाणं बंद होतं. इथेच सार्वजनिक आरोग्याची गरज लागते. आशाताई दारापर्यंत येते, अंगणवाडीताई लेकरांना रोज पाहते. त्यांना तज्ज्ञांनी चार गोष्टी शिकवल्या, महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात येऊन अवघड रुग्ण पाहिले, तर बाकीचं काम घरच्या घरी होऊ शकतं.

लेकरांसाठी अशी वाट आधीच आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा. दोष आढळला तर जिल्ह्याच्या उपचार केंद्रात पाठवतात. तिथे आईला शिकवतात, बाळाला मांडीवर कसं धरायचं, घास कसा द्यायचा, खेळणं कोणत्या बाजूला ठेवायचं. चार महिन्यांनंतरही मान सावरत नसेल, नऊ महिने होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, किंवा वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल, तर “उशिरा चालणारी मुलं असतात आमच्याकडे” म्हणून थांबू नका. आशाताईला लगेच सांगा.

दुसरी गोष्ट कुष्ठरोगाची. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि रोग बरा होतो. पण हाताची गेलेली संवेदना नेहमीच परत येते असं नाही. तवा तापलाय हे कळतच नाही आणि फोड आल्यावर दिसतं. म्हणून चुलीपाशी जाड कापड किंवा लाकडी मुठीचा सांडशी-चिमटा वापरायचा. रोज रात्री दोन्ही हात-पाय निरखून पाहायचे, साध्या पाण्यात भिजवून तेल लावायचं. जखम असेल तर दवाखाना गाठायचा. यानं बोटं वाचतात.

तिसरी गोष्ट म्हाताऱ्या माणसांची. न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. न्हाणीत एक धरायची दांडी, बसायला पक्कं स्टूल, रात्री दिवा, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

लकवा टाळण्याचं काम तर त्याही आधीचं. तिशीनंतर रक्तदाब तपासून घ्या, चालू गोळी मनानं बंद करू नका. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली, तर अंगारा-धुपारा आणि मालिश यात वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा. काही रुग्णांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच.

मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न नक्की मांडा. आपल्या आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दिवस व्यवसायोपचारतज्ज्ञ येऊ शकतील का? आणि आशाताई आली की तिला फक्त गरोदर बाई आणि बाळ दाखवू नका. कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईही दाखवा.