खड्डा न करणारा मुंगीसिंह

लहानपणी घराच्या वळचणीखालच्या मऊ मातीत नरसाळ्यासारखे खड्डे दिसत. मुंगी आत सोडली की तळाशी दडलेली अळी मातीचे फवारे उडवी आणि घसरणारी मुंगी तिच्या जबड्यात जाई. मुंगीसिंह म्हणजे खड्डा, हे तेव्हापासून डोक्यात पक्के होते.

सासवडजवळच्या माळावर ते मोडले. गवतातून चतुरासारखे काहीतरी उडाले आणि पलीकडच्या काडीवर बसले. पण चतुर पंख पसरून बसतो. याने ते कौलारू छपरासारखे अंगावर मिटले. मिशा टोकाशी जाड, पारदर्शक पंखांवर तपकिरी डाग. हा इंडोपाल्पारेस पार्डस, गवताळ प्रदेशातला मोठा मुंगीसिंह. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ रॅम्बूर यांनी १८४२ मध्ये त्याचे वर्णन केले. लॅटिनमध्ये ‘पार्डस’ म्हणजे बिबट्या.

जगातल्या बहुसंख्य मुंगीसिंहांच्या अळ्या खड्डा करतच नाहीत. या मोठ्या पंखांच्या गटातल्या ज्या अळ्या अभ्यासल्या गेल्या आहेत, त्या भुसभुशीत मातीत अंग पुरून वाट पाहतात. भक्ष्य टप्प्यात आले की जबडे मिटतात. प्रत्येक जबड्यात पोकळ नळी असते. तिच्यातून पाचक रस भक्ष्यात सोडायचा आणि आतला भाग शोषून घ्यायचा. मुंगीसिंहाच्या अळीचे आतडे मागे बंद असते, त्यामुळे साठलेला मळ प्रौढ झाल्यावरच बाहेर पडतो. शरीराच्या मागच्या टोकातून मात्र रेशीम येते. त्यात मातीचे कण गुंफून ती गोल कोश विणते. पंखांचे आयुष्य काही आठवड्यांचे, मातीतले त्याहून पुष्कळ लांब.

म्हणूनच या कीटकाला नुसते गवत पुरत नाही; गवताखालची न उकरलेली मातीही लागते. आपल्याकडे मात्र झाड नसलेला माळ ‘पडीक’ ठरतो. कागदावर रिकामी दिसणारी जमीन मग नांगराखाली जाते किंवा सद्भावनेने लावलेल्या रोपांखाली.

गेल्या वर्षी मी त्या माळावर पुन्हा गेलो. या वेळी तिथे खड्डे होते, ओळीने, सारख्या अंतरावर. वृक्षारोपणासाठी खणलेले. काठावर उपसलेल्या मातीचे ढीग होते. मी बराच वेळ गवताच्या काड्या न्याहाळत फिरलो. तो मुंगीसिंह काही दिसला नाही. एका दिवसाच्या फेरीवरून तो संपला असे म्हणता येणार नाही. पण रोपे लावण्यापूर्वी त्या मातीत कोण राहते, हे कोणी विचारले होते का?