वाकलेल्या दाताळ्याची दुरुस्ती

मुळशीतल्या शेतीअवजारांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर आंबेमोहराची खाचरं आणि चिखलणीचे पॉवर टिलर होते. पाय थबकले ते मात्र पौड रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडपाशी. तिथे ट्रॅक्टरमागे जोडायचं सहा फुटी दाताळं पालथं पडलं होतं. आडवा बार डाव्या अंगाला मागे गेलेला, शेवटचे चार दात पिळून वर उचललेले. मिस्त्री सुतळी ताणून बार किती गेलाय ते बघत होते. बराच वेळ त्यांनी वेल्डिंगच्या होल्डरला हात लावला नाही, आणि त्यांचं ते थांबणं बघूनच मी तिथे रेंगाळलो.

हे अवजार इकडे तसं नवं आहे. मुळशीच्या शेतकऱ्याकडे नांगर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर आणि ट्रॉली असते. दाताळं येतं ते बंगल्यांच्या प्लॉटवर. जेसीबीने जमीन सपाट केली की वरचे दगड, मुळ्या, काडीकचरा ओढून एका बाजूला लावायचा आणि हिरवळीसाठी माती मोकळी करायची, एवढंच त्याचं काम. आडव्या बारला बोटभर अंतरावर बाकदार दात बोल्टने कसलेले असतात. बार मधल्या पिनवर फिरवून तिरका लावता येतो, म्हणजे कचरा आपोआप कडेला सरकतो.

अडचण इथल्या जमिनीत आहे. मुळा खोऱ्यातली सखल, कसदार भातजमीन शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणाच्या पाण्याखाली गेली; 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला तो त्याच जमिनींसाठी. पाण्याबाहेर राहिले ते बहुतेक डोंगरउतार, आणि आज प्लॉट पडतात तेही याच उतारांवर. वर चार बोटं माती, खाली मुरूम आणि मुरुमात अर्धा रुतलेला काळा पाषाण. वरून तो सुटा धोंडा दिसतो, पण त्याचं बूड खडकातच असतं. दात तिथे अडकतो, ट्रॅक्टर ओढतच राहतो आणि मधल्यामध्ये बार वाकतो.

ट्रॅक्टरमागे अवजार तीन ठिकाणी जोडायची पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची. 1939 मध्ये ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर पसरली. आपल्याकडे लोखंडी नांगराची गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून सुरू होते. 1910 मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्याला पटवायला त्यांना वर्षं खर्चावी लागली. कारखान्यांचा हा इतिहास छापून आला आहे. कारखान्यातून बाहेर पडलेलं अवजार पहिल्यांदा मोडतं, तिथून पुढचा इतिहास मात्र रस्त्याकडेच्या शेडमध्ये घडतो आणि तो कोणी लिहीत नाही.

मिस्त्रींनी आधी दाताळं ट्रॅक्टरपासून सोडवून घेतलं होतं. जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग केलं आणि अर्थिंग चुकीच्या जागी लागलं, तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बॅटरीच्या वायरिंगलाही धोका पोचतो. मग दात उतरवले. सुतळी बारच्या दोन्ही टोकांना बांधून मध्ये किती पोकळी राहते ते खडूने लिहिलं. शेजारी एक जाड गर्डर ठेवला, दोन ठिकाणी साखळीने बार त्याला आवळला आणि मध्ये बॉटल जॅक लावला. जॅक दाबत नेला तो बार सरळ होऊन आणखी थोडा उलटा जाईपर्यंत. कारण सोडल्यावर लोखंड थोडं परत फिरतं. बारला चीर नव्हती, म्हणून काम थंडच झालं. घडी पडलेली असती तर गॅसने काळपट लाल होईपर्यंत तापवून, सावकाश दाबून, आपोआप थंड होऊ दिलं असतं. पाणी ओतायचं नाही, हे त्यांनी शेजारच्या पोराला पुन्हा पुन्हा बजावलं.

खरं कौशल्य दिसलं ते पुढे, मजबुतीच्या कामात. ट्रॅक्टरमालकाचं म्हणणं होतं की बारच्या वर एक जाड पट्टी उभी मारा, म्हणजे झालं. मिस्त्रींनी नकार दिला आणि कारणही समजावलं. बार वाकला तो मागे, आडव्या दिशेने. त्याला ताकद हवी ती पुढून मागे. पन्नास मिलिमीटर रुंद आणि दहा जाड पट्टीची धार ओढीच्या दिशेला आली, तर ती रुंद बाजू ओढीकडे असलेल्या पट्टीच्या पाचपट भार घेते आणि पंचवीसपट कमी लवते. तीच पट्टी चुकीच्या बाजूने लागली, तर नुसतं वजन वाढतं.

दुसरी गोष्ट पिळाची. दाताचं टोक बारच्या खाली हातभर असतं. दगड टोकाला अडवतो, म्हणजे बार वाकतो आणि पिळतोही. या दाताळ्याचा बार सी चॅनलचा होता, एका बाजूने उघडा, आणि उघडा चॅनल पिळायला सोपा. त्याचं तोंड पाच मिलिमीटर पत्र्याने शेवटपर्यंत बंद केलं की पेटी तयार होते. एवढ्याने पिळाला होणारा विरोध कित्येक पटींनी वाढतो. वाढलेलं वजन थोडं, मिळालेला फायदा मोठा. या दुरुस्तीत त्यांनी हेच केलं, आणि वर मधल्या खांबापासून बारच्या दोन्ही टोकांकडे तिरके टेके दिले.

वेल्डिंग त्यांनी एका दमात भरलं नाही. आधी टॅक, मग इंचा-दोन इंचांचे तुकडे. एक डावीकडे, दुसरा उजवीकडे, एक पुढच्या धारेवर, पुढचा मागच्या. तापलेला सांधा थंड होताना आकसतो आणि सगळा बार आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूने भरत गेलं तर सरळ केलेला बार वेल्डिंगनेच पुन्हा वाकतो. प्रत्येक टप्प्यानंतर चिपिंग हातोडीने स्लॅग झाडून त्यांनी सुतळी पुन्हा लावली. इतक्या शांत शिस्तीने चाललेलं काम मी क्वचितच पाहिलं आहे.

आता काळजीची गोष्ट. दोन टनांच्या आसपासचा ट्रॅक्टर कोरड्या जमिनीवर साधारण टनभर ओढू शकतो. ती सगळी ओढ बारच्या एका टोकाच्या दातावर आली, तर मध्यापर्यंत अर्ध्या बारएवढी तिची तरफ होते. पाऊणशे मिलिमीटर चौकोनी, सहा मिलिमीटर जाडीची साध्या लोखंडाची नळीही त्या भाराला नेमकी हद्दीवर येते. वेगात बसलेला हादरा तर त्याहून मोठा. बार आणखी जाड करत गेलं तर तो वाकणार नाही. पण मग पुढची पाळी मधल्या पिनची, नंतर खालच्या लिंकची आणि शेवटी ट्रॅक्टरच्या मागच्या कवचाची, जिथे दुरुस्तीचा खर्च अवजाराच्या किमतीपेक्षा जास्त होतो. म्हणून मिस्त्रींनी बार मजबूत केला, पण तो फिरवणाऱ्या तबकडीतला बोल्ट मात्र मुद्दाम मऊ ठेवला. मोडायचं असेल तर तो मोडावा, खिशातल्या पैशांत दुसरा मिळावा. मजबुती म्हणजे पुढचं मोडणं कुठे व्हावं हे आधीच ठरवून ठेवणं, हा धडा मला त्या एका बोल्टने दिला.

ही समज सगळीकडे नाही. ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने चालतात, म्हणून चालक घाईत असतो. दाताळं खाली ठेवूनच वळतो, मागे रेटतो, दगड उपटायलाही तेच वापरतो. काही शेडमध्ये दातांवरच वेल्डिंग होतं. दात स्प्रिंगच्या पोलादाचा. त्याला आगीचा चटका लागला की सांध्यालगतचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि महिन्याभरात तिथेच तुटतो. तो बदलायचाच असतो. भंगारातून आलेल्या लोखंडाची जात कोणालाच माहीत नसते. दमट पावसाळ्यात उघड्यावर पडलेले वेल्डिंग रॉड ओल धरतात आणि सांध्यात बारीक चिरा सोडतात. शेडमधलं पोरगं साध्या चष्म्याने ठिणगीकडे बघतं आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं रडतं.

त्यात पावसाआधीचे आठवडे येतात. नांगर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर सगळं एकदम दारात उभं राहतं आणि प्रत्येकाला संध्याकाळी परत हवं असतं. तेव्हा सुतळी लावून बघायला वेळ नसतो. एका दमात भरलेलं वेल्डिंग, वर मारलेली पट्टी आणि रंगाचा हात. पहिल्या दगडाला ते पुन्हा उघडं पडतं.

आयटीआयमधला वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्यात सांधा भरायला शिकवतात. वाकलेलं अवजार वाचून भार कुठून कुठे गेला ते ओळखणं हे मिस्त्रीच्या हाताखालीच शिकावं लागतं, आणि हाताखाली राहायला आता पोरं फारशी येत नाहीत. शेतीअवजारांची दुरुस्ती हा स्वतंत्र विषय म्हणून या अभ्यासक्रमात यायला हवा, आणि शिकवायला अशाच शेडमधल्या मिस्त्रींना मानधन देऊन बोलवायला हवं. तोवर ट्रॅक्टरमालकांना एवढंच सांगणं आहे: अवजार दुरुस्तीला टाकताना ते कधी, कशावर आणि कसं वाकलं हे मिस्त्रींना खरं सांगा, त्यांना एक दिवस जास्त द्या, आणि त्यांनी मऊ ठेवलेल्या बोल्टच्या जागी कधीही कडक बोल्ट घालू नका.