आरंभाची अडचण

लिहावयाचें पुष्कळ आहे, वेळही आहे, आणि तरी कागद कोराच राहतो, ही अवस्था ठाऊक नाहीं असा लेखनेच्छु मनुष्य विरळा. तिला आपण आळस म्हणून मोकळे होतों. माझ्या मतें हें निदान बहुधा चुकतें. आळशी मनुष्य निश्चिंतपणें झोपतो. या बिचाऱ्यास झोप येत नाहीं. त्याच्या डोक्यांत दहा विषय, प्रत्येकाच्या दहा सुरुवाती, आणि शिवाय लोक काय म्हणतील हा घोर! मन एका वेळीं फार थोड्या गोष्टी धारण करूं शकतें. भार त्याहून वाढला कीं त्यांतली एकही त्याला नीट पेलवत नाहीं.

आमच्या माणगांव तालुक्यांत, गोरेगांवजवळ वडघर येथें, साने गुरुजींचें राष्ट्रीय स्मारक आहे. हा विषय त्यांच्याच उदाहरणानें उलगडावा असें वाटतें. गुरुजींची आई १९१७ सालीं वारली. पुढें पंधरा वर्षांहून अधिक काळ तिच्या आठवणी त्यांच्या उरांत होत्या. मध्यंतरीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनी गीतेवर प्रवचनें दिलीं. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार, अठरा अध्याय. तीं टिपून घेतलीं गुरुजींनीं. नंतर नाशिकच्या तुरुंगांत ९ फेब्रुवारी १९३३ रोजीं, गुरुवारीं, ते ‘श्यामची आई’ लिहावयास बसले, आणि सोमवारीं, १३ तारखेस पहाटे, त्यांनीं लेखणी खालीं ठेवली.

हा वेग केवळ भावनेचा, असें म्हणण्याची रीत आहे. भावना तर आधींचीं पंधरा वर्षें होतीच. तुरुंगांत फुरसत असते म्हणावें, तर तुरुंगांत गेलेले सगळेच कांहीं ग्रंथ घेऊन बाहेर आले नाहींत. मला त्या पुस्तकाची मांडणी महत्त्वाची वाटते. त्यांत प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलें आहे. आश्रमांतले सोबती जमतात आणि श्याम त्यांना एका रात्रीं एकच आठवण सांगतो. ‘आईचें चरित्र लिहावयाचें’ म्हटलें असतें, तर कोठून आरंभ करावा, काय गाळावें, काय ठेवावें, असे शंभर निर्णय लेखकापुढें उभे राहिले असते. ‘आज ही एक गोष्ट सांगावयाची’ म्हटल्यावर निर्णय एकच उरतो, आणि ऐकणारेही समोर बसलेले असतात.

यासाठीं तुरुंगांत जाण्याचें कारण नाहीं. डोक्यांतले सगळे विषय प्रथम एका कागदावर उतरावे. तो कागद त्यांचा भार वाहील. मग त्यांतून सर्वांत उत्तम विषय शोधीत बसूं नये, कारण तो शोध म्हणजे पुन्हां तोच घोळ. ज्यांतला एखादा प्रसंग शेजाऱ्याला आतांच्या आतां सांगतां येईल, तो घ्यावा. बाकीचे विषय टाकावयाचे नाहींत, त्यांना थांबावयास सांगावयाचें, एवढेंच.

आपल्याकडे भाताच्या सबंध शेतावर बहुधा एकदम बीं फेंकीत नाहींत. एका लहानशा तुकड्यावर राब भाजतात, तेथें बीं दाट पेरतात, आणि पाऊस चांगला लागल्यावर तीं रोपें उपटून लावणी करतात. पहिलीं चार पानें अशींच राबांतलीं समजावीं. तीं दाट असतील, वेडीवांकडीं असतील, आणि त्यांतलें कोणतें वाक्य शेवटीं कोठें जाईल हें लावणीच्या वेळीं ठरेल.